गजाशेठची दुपारची झोप

लोणच्याच्या कारखान्यात लेबलं छापायचं मशीन आलं आणि मालक गजाशेठ त्याच्या उरावरच बसले. घडीघडीला झाकण उघडून आत डोकावायचे. झाकण लावलं की मशीन लेबलाची कड नव्यानं शोधायचं आणि कोऱ्या लेबलांची शेपटी बाहेर टाकायचं.

"बाई, ही नासधूस तुमच्या हातची. उद्यापासून बरण्या धुवा," शेठनी मशीनवरच्या चंद्राबाईला सुनावलं.

बरण्या धुण्यात तिला कमीपणा नव्हता. खोटा आळ मात्र सोसवेना.

दुपारी शेठ गादीवर आडवे झाले. डोळा लागतोय तोच चंद्राबाईनं हाक मारली, "शेठ, झोप लागली का?" ते कूस बदलून पेंगले, तर ही परत हजर.

शेठ कडाडले, "अगं बये, लागत होती तेवढ्यात उठवलंस! आता पुन्हा पहिल्यापासून!"

"मशीनचंही हेच दुखणं आहे, शेठ. तुम्ही झाकण उघडता, ते पहिल्यापासून कड शोधतं. तुमची झोप वाया जाते, त्याची लेबलं."

शेठ गादीवर उठून बसले. मग म्हणाले, "बाई, एक लेबल छापा. मजकूर मी सांगतो."

संध्याकाळी झाकणावर चिकटलेलं ते लेबल सगळ्यांनी वाचलं: 'गजाशेठनी उघडू नये.'