कोऱ्या पाट्यांचा दसरा

बोरखेडी नावाच्या गावात एक शाळा होती आणि त्या शाळेत मार्तंड गुरुजी नावाचे एकच गुरुजी होते. माणूस मायाळू, अक्षर मोत्यासारखे. पण एका वर्षी दोन मुलांनी शब्द न् शब्द सारखा निबंध लिहून आणला. गुरुजींनी भर सभेत एक कौतुकाने वाचला, दुसरा वाचायला घेतला आणि सभेत हशा पिकला. दुधाने तोंड पोळलेला माणूस ताकही फुंकून पितो. गुरुजींचे तसेच झाले.

प्रार्थना संपली की ते म्हणत, "दुसऱ्याचं उचलायचं नाही." निबंधाला बसण्याआधी तेच, निबंध झाल्यावर तेच. बेचा पाढा म्हणतानाही तेच. आता बेचा पाढा कुणी स्वतःचा कसा करावा! फळ्याचा अर्धा भाग याच वाक्याने कायमचा अडवला होता. ते पुसायची कुणाची छाती नव्हती, म्हणून गणिते उरलेल्या अर्ध्यात दाटीवाटीने बसत.

वरच्या वर्गातल्या वेणूचे कान किटले. तिने आजवर कुणाचा पेन्सिलीचा तुकडासुद्धा उचलला नव्हता.

"आई, काही न करता रोज चोरासारखं बसायचं!" ती घरी येऊन म्हणाली.

आई भाकरी थापत होती. "एका कानानं ऐकावं, दुसऱ्यानं सोडून द्यावं."

"दोन्ही कान भरलेत गं. सोडू कुठून?"

दसऱ्याला सारा गाव शाळेत जमे. पाटीपूजन होई आणि वर्षातला सर्वांत चांगला निबंध ज्याचा, तो उभा राहून वाचे. वेणूला यंदा तो मान हवा होता. तिने आपल्या शेळीच्या बाळंतपणावर लिहिले. करडू आडवे आले, आईने हाताला तेल लावून ते कसे फिरवले, आणि बाहेर आल्या आल्या ते आधी शिंकले कसे.

गुरुजींनी निबंध दोनदा वाचला. त्यांचा चेहरा खुलला आणि लगेच पडला.

"फारच छान आहे," ते म्हणाले. "कुणाचा?"

"माझा."

"सगळे तसंच म्हणतात. बघू, विचार करून सांगतो."

निबंध कपाटात गेला. वेणू त्या दिवशी धड जेवलीही नाही. "वाईट लिहावं तर बोलणी, चांगलं लिहावं तर चोर! माणसानं लिहावं तरी कसं?"

दसऱ्याच्या सकाळी मुले धुतलेल्या पाट्या आणि झेंडूची फुले घेऊन आली. एकाचे आकडे एकमेकांना जोडून पाटीवर सरस्वती काढायची, ही जुनी रीत. गावकरी यायला अजून अवकाश होता.

"काढा आता," गुरुजी म्हणाले. "आणि शेजारच्याच्या पाटीत बघायचं नाही. दुसऱ्याचं उचलायचं नाही."

वेणूच्या डोक्यात सणक गेली. तिने पेन्सिल खाली ठेवली आणि हाताची घडी घातली.

गुरुजी फिरत फिरत तिच्यापाशी आले. "पाटी कोरी का?"

"सरस्वती तुमची आहे, गुरुजी. तुम्हीच शिकवलीत. मी कशी उचलू?"

वर्गात खसखस पिकेल असे तिला वाटले होते. कुणीच हसले नाही. तिने वळून पाहिले, तर मागे बसलेल्या लहानग्यांच्या पाट्याही कोऱ्याच होत्या. पहिलीतली चिमी तर पाटी परकराखाली लपवून रडवेली झाली होती.

"तुला काय झालं गं?" गुरुजींनी विचारले.

"मला येते काढता," चिमी मुसमुसत म्हणाली. "पण ती वेणूताईसारखीच येते. तिनंच शिकवली. मग मी चोर ना?"

वेणूचा राग कुठच्या कुठे गेला. तिने पाटी कोरी ठेवली होती ती हट्टाने. या पोरांनी ठेवली होती भीतीने. ती उठून उभी राहिली.

"गुरुजी, चोरी करू नका, हे आम्हाला पाठ झालंय. चोरी कशाला म्हणतात, ते एकदा सांगा की!"

गुरुजी फळ्यापाशी जाऊन आपल्याच मोत्यासारख्या अक्षरांकडे पाहत राहिले. मग त्यांनी फडके घेतले, ते वाक्य पुसले आणि मोकळ्या झालेल्या जागेत सावकाश सरस्वती काढली.

"ही मला माझ्या गुरुजींनी शिकवली. गोविंदभट त्यांचं नाव. शिकवलेलं घ्यावं, बाळांनो, वापरावंही. कुणाकडून घेतलं ते मात्र सांगावं. न सांगता माझंच म्हणून मिरवलं, की ती चोरी." मग त्यांनी कपाटातून निबंध काढून वेणूच्या हाती दिला. "चुकलं माझं, पोरी. आज तूच वाच."

पाट्यांवर पेन्सिली करकरू लागल्या. चिमीने वेणूताईच्या पाटीत खुशाल डोकावून सरस्वती काढली. गावकरी आले तेव्हा एकही पाटी कोरी नव्हती. वेणूच्या सरस्वतीच्या पायाशी मात्र मोराऐवजी लांब कानांचे काहीतरी उभे होते.

"हे गं काय?" पाटलांनी वाकून विचारले.

"सरस्वती आमच्या गुरुजींच्या गुरुजींची," वेणू म्हणाली. "करडू माझं."

तात्पर्य: चोरी करू नका, हे एकदा सांगितले तरी पुरते, घेतलेले कसे सांगावे आणि आपले कसे ओळखावे, हे मात्र हाताला धरून शिकवावे लागते.