पोचलेल्या जिवाची ज्वारी

घाटाखालच्या एका गावात रावजी नावाचा भोई राहायचा. वैद्य होता घाटमाथ्यावर. आजारी माणसाला डोलीत घालून वर नेण्याचं काम रावजी आणि त्याचा जोडीदार धोंडू करत. मजुरी गाव द्यायचं, फेरीला पायलीभर ज्वारी.

हे दोघे वाटेत तंबाखू मळत बसतात, असं पाटलाला वाटे. त्याने नियम केला, "रोगी जिवंत पोचला तरच ज्वारी."

भोई पूर्वीसारखेच धावत राहिले. पण पुढचे दोन रोगी वाटेतच गेले आणि रावजीच्या घरची चूल थंड राहिली. तेव्हापासून दोघे डोली उचलण्याआधी रोग्याचा चेहरा बघायला शिकले.

एका सकाळी सुभान कुंभार धापा टाकत आला. त्याची बायको ठकू बाळंतपणात अडली होती. त्याच वेळी तेल्याचा पाय मोडल्याचा निरोप आला.

ठकूला पाहून धोंडू रावजीच्या कानात म्हणाला, "ही खिंडीपर्यंत टिकत नाही. पाय मोडून कुणी मरत नसतं."

ठकूने रावजीचं मनगट धरलं होतं. पकडीत जोर होता, तो रावजीला कळला. पण त्याला घरची पोरंही आठवली. त्याने मनगट सोडवून घेतलं.

"रावजीदादा, पाया पडतो," सुभान म्हणाला.

"तेल्याला पोचवून येतो," रावजी म्हणाला.

सुभान थांबला नाही. त्याने बायकोला पाठीशी बांधलं आणि चढ धरला. अर्ध्या घाटात तेल्याची डोली त्याला मागे टाकून पुढे गेली. रावजीने मान वळवली नाही.

ठकू वैद्याच्या दारात पोचली, तेव्हा जिवंत होती. वैद्य म्हणाला, "आडवी आणायची होती रे. आणि लवकर." आई गेली, मूलही गेलं.

चावडीवर पाटलाने सगळं ऐकून घेतलं. "म्हणजे जिवंत पोचली होती? मग रावजी, नेली असतीस तर ज्वारी मिळाली असती की."

ठकूच्या तिरडीला खांदा द्यायला सारं गाव लोटलं. मजुरी कुणी विचारली नाही. रावजीही पुढे झाला. सुभानने त्याचा हात बाजूला केला.

"राहू दे, दादा. आता घाट चढायचा नाही."

तात्पर्य: जीव वाचवायला धावणाऱ्याला त्याच्या धावण्याची मजुरी द्यावी, रोग्याच्या नशिबाची नव्हे, आणि ज्याने हे काम पत्करलं, त्याने मजुरीचं भांडण चावडीवर भांडावं, रोग्याच्या उंबऱ्यावर नाही.