दोन बेडूक, एक बीळ

फार फार पूर्वी, संगणकाच्या पोटातल्या रानात, साळूताई साळिंदरच्या बिळात एक कासव हिशेब करायचं. एकदा ताईला तारे मोजायची हौस आली. तिने घुबडाला बोलावलं.

"हाताखाली जुना बेडूक असेल तरच येईन," घुबड म्हणालं.

बिळात बेडकाची जागा एकच, आणि तिथे नवा बेडूक. ताईने त्याला हाकलून जुना आणला, तर कासवाने मान आत ओढली. "मला नवाच हवा!" नवा आणला, तर घुबड फुरंगटलं. दिवसभर बेडूक आत-बाहेर, आत-बाहेर!

ताईने कपाळावर हात मारला, तर स्वतःचेच काटे टोचले.

दोन्ही बेडूक धापा टाकत म्हणाले, "अगं ताई, जन्मभर बिळंच खणतेस ना? मग दुसरं खण की!"

संध्याकाळी दोन बिळांच्या दारांत बसून दोन्ही बेडूक एका सुरात ओरडत होते.