दाराला खंडेनवमी नसते

एकदा एक रस्ता होता, आणि एका गावातली सगळी शहाणी माणसे मिळून तो दरवर्षी मोठ्या श्रद्धेने बिघडवत असत.

रस्ता मातीचा होता. डोंगराच्या कुशीतल्या गावातून निघून तो खाली नदीकाठच्या पेठेपर्यंत उतरे. पावसाळ्यात गाड्यांची चाके त्यात रुतत, खोल चाकोऱ्या पडत आणि भाद्रपद सरेपर्यंत तो रस्ता पाहून बैलांनासुद्धा वैराग्य येई. गावाची रीत अशी की मृग लागण्याआधी रस्त्याची अवजारे धुऊनपुसून देवळाच्या माळ्यावर चढवायची, आणि खंडेनवमीला, म्हणजे अवजारांच्या पूजेच्या दिवशी, हळदकुंकू लावून ती खाली उतरवायची. मधल्या काळात ओल्या रस्त्याला अवजार लावणे हे पाप. का, ते कुणालाच सांगता येत नसे. ज्याला विचारावे तो आपल्या वडिलांचे नाव सांगे, आणि वडील वारलेले असत.

खंडेनवमीपर्यंत चिखल वाळून त्याचा खडक झालेला असे. त्यावर नांगर घातला की नांगर मोडे. पुढच्या वर्षी गाव त्याहून जड नांगर करवून घेई, आणि तोही मोडे. देवळामागे मोडक्या नांगरांचा ढीग साचला होता. त्याकडे बोट दाखवून म्हातारी मंडळी सांगत, पूर्वीची माणसे किती कष्टाळू होती पाहा.

गावाच्या वरच्या अंगाला एका वृद्ध गुरूंची पाठशाळा होती. त्यांच्या ज्ञानाची ख्याती फार. त्यांना प्रश्न विचारला की ते उत्तर देत नसत. हातातला तांब्या उपडा करीत, किंवा झाडाचे एक पान तोडून वाऱ्यावर सोडीत, आणि विचारणारा महिनाभर डोके खाजवीत बसे. त्यांच्या शिष्यांपैकी एकाला हे काही केल्या सोसवेना. एका सकाळी त्याने पोथी मिटली, हे मला जमायचे नाही, जमेल ते करतो, असे स्पष्ट सांगितले, आणि थेट देवळामागच्या मोडक्या नांगरांपाशी जाऊन बसला. बाकीचे शिष्य हसले. गुरूही हसले; पण ते त्यांचे नेहमीचे हसू, ज्यातून माणसाला हवा तो अर्थ काढता येतो.

शिष्याच्या डोक्यात एकच गोष्ट बसली होती. बैल आपल्या मर्जीने चालतो, थांबतो, चरतो. रस्ता सारखा करायचा तर चाल सारखी हवी, आणि ती घोड्याची. गावात घोड्यांची जोडी एकाच माणसाकडे होती, बांगड्यांच्या व्यापाऱ्याकडे. मैना नावाची घोडी आणि दौलत नावाचा घोडा. व्यापारी या रस्त्याला इतका पिडला होता की त्याने ऐकून घेतले. त्याच्या पेटाऱ्यांतली काच पेठेत पोचेपर्यंत निम्मी तुकडे होऊन जाई, आणि पेठेतल्या बायका त्याला पाहिले की विचारीत, आज अख्खी आणलीय का एखादी?

"जोडी वर्षभर वापर," व्यापारी म्हणाला. "पुढच्या खंडेनवमीला माझी भरली गाडी खाली जाईल. बांगड्या शाबूत उतरल्या तर घोडे कायमचे रस्त्याच्या कामाला. फुटल्या, तर घोडे माझ्या दारात आणि तू गुरुजींच्या पायाशी, पहिल्या धड्यापासून. काय शास्त्रीबुवा, कबूल?"

शिष्याने कबूल केले. पहिला धडा आता ज्या पोरांना चालू होता, त्यांचे दुधाचे दात पडायचे होते.

ते वर्ष त्याने लोखंडाशी झगडण्यात घालवले. दसरा होताच पहिला नांगर चाकोरीच्या काठावर आपटून दुभंगला. दुसऱ्याला त्याने पोलादी पाते बसवले, ते वाकले. तिसरा इतका वजनदार केला की चढावर मैनेने मान खाली घातली आणि ती उभीच राहिली. तिचा खांदा सोलवटला होता. नांगर मागे घेताना शिष्याचा अंगठा त्याखाली सापडला आणि नख गेले.

गुरू पाठशाळेच्या कट्ट्यावर ताक पीत हे सारे पाहत होते. पेला खाली ठेवून ते म्हणाले, "जड झालंय." आणि आत गेले.

दुसऱ्या कुणी असे म्हटले असते तर शिष्याने नांगर हलका केला असता. पण हे गुरूंचे वाक्य होते. त्याचा अर्थ लावण्यात त्याचे कित्येक दिवस गेले. काय जड झालंय? नांगर? मन? अहंकार? शेवटी अहंकार असावा असे ठरवून त्याने दोन दिवस उपवास केला, आणि मग अधिकच जड असा चौथा नांगर तयार करून रिवाजाप्रमाणे माळ्यावर चढवला.

पावसाळा आला, बरसला. भाद्रपदाच्या मध्यावर एका सकाळी पावसाने उघडीप दिली. दुपारपर्यंत रस्त्यावरचे पाणी ओसरले, पण चिखल अजून पायाला धरत होता. अशा वेळी पाठशाळेकडून ठोकाठोकीचा आवाज आला. थोड्या वेळाने लोकांनी पाहिले ते असे: गुरूंनी पाठशाळेचे सागवानी दार बिजागऱ्यांसकट उचकटून काढले होते, दोर लावून ते तिरके घोड्यांच्या मागे बांधले होते, कासोटा वर खोचला होता, आणि त्या आडव्या दारावर उभे राहून, लगाम हातात धरून, चिखलाचे शिंतोडे दाढीपर्यंत उडवीत ते उतारावरून खाली चालले होते. मैना आणि दौलत खेळात असल्यासारखी पळत होती. मागून शिष्य ओरडत धावत होता, कारण घोडे त्याच्या भरवशावर दिलेले होते.

गाव गोळा झाले. ओल्या रस्त्याला हात लावला म्हणून जाणती मंडळी संतापली. खंडेनवमीआधी अवजार काढलेच कसे, असे पाटलाने विचारले.

"अवजार कुठे आहे?" गुरू दाढीतला चिखल निपटत म्हणाले. "हे दार आहे. दाराला खंडेनवमी नसते."

जो तो मनातल्या मनात आपल्या वारलेल्या वडिलांनी दाराबद्दल काही सांगितले होते का, ते आठवत घरी गेला.

पुढे दोन दिवस ऊन पडले. तिसऱ्या सकाळी शिष्य रस्त्यावर गेला आणि थबकला. जिथून दार फिरले होते, तिथे चाकोऱ्या बुजल्या होत्या आणि वरची माती सारवलेल्या अंगणासारखी घट्ट बसली होती. त्याने टाच आपटून पाहिली. टाच दुखली.

तो पाठशाळेत आला. गुरू शिष्यांमध्ये बसले होते. दार नसल्यामुळे गावचे एक कुत्रेही पाठाला येऊन बसले होते. गुरूंनी डोळे मिटले आणि आपल्या मंद, गंभीर स्वरात सांगितले:

"माती ओली असते, तेव्हा ती ऐकते. वाळली की वाद घालते. तुम्ही दरवर्षी तिच्याशी वाद घालायला जाता, आणि हरलात की अवजार जड करता. ओल्या मातीला साधं दारदेखील पुरतं. बळ वाढवण्याआधी वेळ पाहावी. हेच मातीचं, हेच मनुष्याचं."

शिष्यवर्गातून समाधानाचा एक सुस्कारा निघाला. दृष्टांत पुरा झाला होता. अशा ठिकाणी शिष्याने पाया पडावे आणि गोष्ट संपावी, असा दंडक आहे.

पण याने विचारले, "गुरुजी, हे तुम्हाला कधीपासून ठाऊक होतं?"

"झाली बरीच वर्षं."

"मग मला का नाही सांगितलंत?"

"आपण शोधलेलं टिकतं. सांगितलेलं विरून जातं."

"मी काही शोधलं नाही. दार तुम्ही काढलंत, मी नुसतं पाहिलं. तेवढ्यासाठी माझं नख गेलं आणि मैनेचा खांदा सोलला. मी तरी स्वतःच्या पायाने गेलो होतो, तिने काय केलं होतं?" त्याचा आवाज चढला नाही, पण थांबलाही नाही. "माती ओली असताना ऐकते म्हणता. मागच्या दसऱ्याला मी ओलाच होतो की. काहीही सांगितलं असतंत तरी ऐकलं असतं. तुम्ही मला वर्षभर वाळत ठेवलंत, आणि आता दार फिरवताय."

गुरूंनी सवयीने तांब्याकडे हात नेला. तांब्या होता, पण उपडा करण्याइतके त्यात काही उरले नव्हते. कुत्र्याने पिऊन टाकले होते. त्यांनी हात मागे घेतला. बराच वेळ ते त्या नख नसलेल्या अंगठ्याकडे पाहत राहिले.

त्याच रात्री पुन्हा पाऊस झाला. सकाळी पाहतात तो गुरूंनी गुळगुळीत केलेल्या रस्त्याच्या बरोबर मधोमध, परातीत साचावे तसे पाणी साचलेले. म्हशी त्यात बसायच्या तयारीत होत्या. शिष्य काठावर उभा राहून मनापासून हसला. गुरू काठी टेकत आले, पाण्याकडे पाहून त्यांनी भुवया आकसल्या, आणि गावाच्या आठवणीत पहिल्यांदाच त्यांच्या तोंडून खरोखर उत्तर हवे असलेला एक प्रश्न निघाला.

"का रे असं झालं?"

शिष्याला मोह झाला, नाही असे नाही. त्याने वाकून एक पान उचललेसुद्धा होते. ते वाऱ्यावर सोडायचे, मंद हसायचे आणि चालू लागायचे. म्हाताऱ्याला कळू दे महिनाभर डोके खाजवणे काय असते. पण मग त्याला मैनेचा खांदा आठवला. त्याने पान टाकून दिले.

"दार उलटं तिरकं बांधलं होतं," तो म्हणाला. "रस्त्याच्या मध्याकडचं टोक पुढे, कडेच्या चराकडचं मागे. म्हणून माती कडेला सरकत गेली आणि मध्ये खळगा पडला. चराकडचं टोक पुढे हवं. मग माती मध्ये येईल, रस्ता कासवाच्या पाठीसारखा होईल आणि पाणी दोन्हीकडे उतरेल."

गुरूंनी काठीने चिखलात एक तिरकी रेघ ओढून पाहिली, मग उलटी ओढली.

"हे मला सुचलं नव्हतं," ते म्हणाले.

"तुमचं अर्धं बरोबर होतं, गुरुजी."

"आणि उरलेलं अर्धं तू किती वर्षांनी सांगणार होतास?"

दोघेही हसले. या वेळच्या हसण्याचा अर्थ एकच होता.

त्या दाराची उभी चीर काढून शिष्याने दोन फळ्या केल्या आणि एकीमागे एक अशा जोडल्या. लोखंड म्हणून फक्त पुढच्या फळीच्या कडेला एक पट्टी. दोराऐवजी साखळी, आणि तिला असा आकडा की त्याच कडेने परतताना तो पलीकडच्या कडीत अडकवला की फळीचा तिरपेपणा फिरे. हाकणारा वर उभा राही. पुढे सरकला की पट्टी खोल कापी, मागे सरकला की हलकी चाले. बिजागऱ्या त्याने मुद्दाम तशाच ठेवल्या. पाटील रागावून आला की शिष्य बिजागरी हलवून दाखवी, आणि पाटील माघारी जाई.

परतीच्या पावसाने चार-पाच वेळा झोडपले. प्रत्येक वेळी पाऊस उघडला, पाणी ओसरले, की फळी रस्त्यावर. उतारावर शिष्य उभा राही, चढावर घोड्यांचा भार कमी करायला उतरून चाले, आणि सपाटीवर, जिथे फळी दाबून धरावी लागे, तिथे गुरूंना उभे करी. गुरूंच्या वजनाचा कुणाला तरी प्रत्यक्ष उपयोग होत आहे, हे गाव पहिल्यांदाच पाहत होते.

खंडेनवमी उजाडली. व्यापाऱ्याने काचेचे पेटारे गाडीत रचले. विश्वास नव्हताच, म्हणून सगळ्यांत महागडा पेटारा त्याने स्वतःच्या कुशीत घेतला. "घोड्यांचा निरोप घेऊन ठेव," असे शिष्याला बजावून तो गाडीत चढला. शिष्य गाडीबरोबर चालू लागला. त्याला चाकाचा प्रत्येक आवाज ऐकू येत होता, आणि तोंडात पहिल्या धड्याची पहिली ओळ आपोआप घोळत होती. वळण गेले, ओढा गेला, जिथे मैनेने मान खाली घातली होती तो चढही गेला. गाडीतून किणकिण नाही, शिव्या नाहीत, काहीच नाही. ती शांतता त्याला इतकी सोसवेना की पेठेत पोचताच त्याने आधी पडदा उचलला.

व्यापारी पेटाऱ्यावर आडवा होऊन घोरत होता.

बायकांनी पेटारे उघडले. एकेक बांगडी अख्खी निघाली. फुटल्या त्या फक्त व्यापाऱ्याच्या कोपराखालच्या, झोपेत कूस बदलताना चेपलेल्या. त्याबद्दल रस्त्याला दोष देण्याचा त्याने थोडा प्रयत्न केला, पण गालावर पेटाऱ्याच्या वेताची नक्षी उमटलेली असताना ते साधेना. त्याने मैनेच्या मानेवर थाप मारली आणि लगाम शिष्याच्या हातात दिला.

संध्याकाळी गाव देवळापुढे पूजेला जमले. माळ्यावरचा चौथा नांगर खाली उतरवून कुणी तरी सरळ मागच्या ढिगावर टाकला होता. चौरंगावर दोन फळ्या होत्या, चिखलासकट. झेंडूची माळ मात्र मैनेने अर्धी खाल्ली होती. चार शब्द सांगावेत, अशी पाटलाने गुरूंना विनंती केली. सगळे सावरून बसले.

गुरू उठले. "पाऊस थांबला, पाणी ओसरलं, की फळी फिरवा," ते म्हणाले. "चराकडचं टोक पुढे ठेवा. माती मध्ये येऊ द्या. खंडेनवमीची वाट पाहू नका." आणि ते खाली बसले.

लोक वाट पाहत राहिले. पाटलाने शेजाऱ्याला हळूच विचारले, यात गूढ काय असावे? गूढ काहीच नव्हते. गर्दीच्या मागे मैनेचा लगाम धरून उभ्या असलेल्या शिष्याला तेवढे कळले. त्याने गुरूंकडे पाहून दोन्ही हात जोडले, आणि पाठशाळा सोडल्यापासून पहिल्यांदाच ते मनापासून जोडले गेले होते.

पाठशाळेला पुढे नवे दार काही बसले नाही. कुत्रे मात्र रोज पाठाला येते.

ज्याला ठाऊक आहे त्याने ओल आहे तोवर सांगावे; शिकणाऱ्याचा अंगठा काही गुरुदक्षिणा नाही.