सहाणेवरचं माणिक

एका राज्यात बाळाच्या पाचवीला निळी साळुंकी पाळण्यावर येऊन बसे. बाळाच्या कानात पुटपुटे, आणि त्या बाळाला जन्माची एक कला मिळे.

राणी मृणावतीला जुळं झालं. थोरली पद्मा, धाकटा रत्नध्वज. साळुंकी रत्नध्वजाच्या कानाशी लागली. म्हणाली, "हात लावशील ते येईल." मग पद्मेकडे वळली, नुसतं पाहिलं, आणि भुर्रकन उडून गेली.

तेव्हापासून राणीच्या जिवाला घोर लागला. रत्नध्वजानं वीणा घेतली, की वीणा गाऊ लागे. पद्मा एकच सूर दिवसभर छेडी, आणि तोही चुके. घोड्यावरून पडे, धूळ झटके, पुन्हा चढे.

"हिचं कसं व्हायचं?" राणी उठता-बसता म्हणे. घास तोंडात असला तरी म्हणे.

पुढे एके दिवशी राजानं डोंगरातल्या शापित खजिन्याला हात लावला. तो खजिना कालजंघ जादूगाराचा. राजा घरी आला आणि त्याची पावलं दगडाची झाली. दगड गुडघ्यांवर चढला.

राजवाड्यातला म्हातारा राघू बोलला, "वाऱ्याच्या घोड्यावर बसून डोंगर गाठावा. वीणा वाजवून गुहेचं दार उघडावं. आतलं माणिक आणून सहाणेवर उगाळावं, पार संपेपर्यंत. हात थांबला तर माणिक पुन्हा भरेल. ते गंध राजाच्या कपाळी लावावं. दगड गळ्यावर चढला, की उपाय नाही."

रत्नध्वज निघाला. घोड्यानं मान लववली. वीणेचा पहिला सूर निघताच दार उघडलं. संध्याकाळच्या आत माणिक घरी आलं. लोकांनी गुलाल उधळला.

रत्नध्वज सहाणेशी बसला. माणिक एकदा फिरवलं. काही नाही. पुन्हा जोरानं फिरवलं. सहाण नुसती चरचरली. त्याचा चेहरा उतरला. एखादी गोष्ट दुसऱ्यांदा करायची वेळच त्याच्यावर कधी आली नव्हती.

"हे होणारं नाही, आईसाहेब," तो म्हणाला आणि उठला.

दगड राजाच्या कमरेला आला होता.

"सर बाजूला," पद्मा म्हणाली. तिनं पदर खोचला, सहाणेवर पाण्याचा थेंब टाकला आणि बाळाची गुटी उगाळावी तसं माणिक फिरवू लागली. हलक्या हातानं, एकाच बाजूला. दिवस गेला. सहाणेवर लाल रेघ उमटली. बोटांना फोड आले, फुटले.

राणी आत-बाहेर करत होती. राजाकडे पाही, पोरीच्या बोटांकडे पाही. माणिक ज्वारीच्या दाण्याएवढं उरलं, तेव्हा तिच्यानं राहवेना.

"दोन घास खा गं बाई, मग कर," म्हणून तिनं लेकीचा हात धरला.

हात थांबला. माणिक फुगलं, होतं तेवढं झालं. दगड सरसर राजाच्या छातीवर चढला.

राणीनं कपाळ बडवून घेतलं. पद्मा ओरडली नाही. म्हणाली, "आईसाहेब, आता मला धरू नका. भरवा."

आणि पहिल्यापासून सुरुवात केली. राणी समोर बसून घास भरवू लागली. डोळ्यांतलं पाणी भातात पडत होतं, पण हात धरला नाही. रत्नध्वज बाजूला घुटमळला, मग खाली बसला.

"ताई, पाणी मी घालू?"

"घाल. एकेकच थेंब. जास्त झालं तर मार खाशील."

दगड राजाच्या गळ्याला टेकला, आणि माणिक संपलं. पद्मेनं गंध बोटावर घेऊन राजाच्या कपाळी लावलं. दगड ओल्या मातीसारखा गळून पडला. डोंगरातला खजिना कोळसा झाला. कालजंघ धूर होऊन गेला.

राजा उठला. "कोणी केलं हे?"

"घोडा आणि दार, एवढंच माझं काम," रत्नध्वज म्हणाला. "तुम्हाला उठवलं ताईनं."

नगारे झडले. राजानं सिंहासनाशेजारी लेकीसाठी आसन मांडायला सांगितलं. राणीला त्यातलं काही ऐकू आलं नाही. ती लोण्याची वाटी घेऊन पद्मेच्या एकेका बोटाला लोणी लावत होती, आणि हिचं कसं व्हायचं, हे विचारायचं तिला आठवलंच नाही. राज्य मार्गी लागलं. आपणही आता निजावं.