राजाने वाटलेलं बियाणं

मुलांनो आणि मोठ्यांनो, कितीतरी पिढ्यांमागे आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर एक चिमुकलं राज्य होतं. तिथले लोक नदीकाठच्या पाणथळीत भात लावत आणि वरच्या माळावर भुईमूग.

परदेशी व्यापाऱ्यांना भुईमूग हवा होता. म्हणून राजाने हुकूम काढला, "सगळीकडे भुईमूगच लावा. तांदूळ जहाजाने येईल."

काही वर्षं तांदूळ आला. मग भुईमुगाचा भाव पडला आणि जहाजं यायची थांबली.

लोक उपाशी राहू लागले, तेव्हा सेनापतीने राजाला हाकलून गादी घेतली. "मी सगळ्यांना पोटभर जेवू घालीन," तो म्हणाला. पण कोठारातला दाणा त्याने आधी शिपायांना दिला, कारण त्याला भीती त्यांचीच होती. वर्षभरात एका सरदाराने त्यालाही हाकललं. मग त्या सरदाराला दुसऱ्याने. दर वेळी बायका पोरांना आत ओढून दारं लावून घेत, आणि दर वेळी कोठार आणखी रिकामं होई.

अखेर राज्यात फक्त भुईमुगाचं बियाणं उरलं. शिपायांनी तेही उचललं. कुंबा नावाची म्हातारी शेतकरीण त्यांच्यामागोमाग चालत थेट राजवाड्यात गेली. नवा राजा भिंतीला पाठ लावून बसला होता. जरा कुठे खुट्ट झालं की दचकत होता.

"महाराज, पाऊस तोंडावर आलाय," कुंबा म्हणाली. "बियाणं परत द्या."

"आज शिपायांना खायला दिलं नाही, तर उद्या माझं मुंडकं उडेल."

"आणि पेरलं नाही तर?"

राजाने दाराकडे पाहिलं. "पुढचं पुढे बघू. जा तू."

पाऊस आला. शेतं भिजली, पण पेरायला मूठभर दाणा नव्हता. कुंबाने सुना-नातवंडांना होडीत बसवलं. मग ती स्वतः चढली. पलीकडच्या राज्यात कुणी थारा देईल की नाही, तिला ठाऊक नव्हतं. तिच्यामागे गाव निघालं, गावामागे सारं राज्य. बियाणं संपल्यावर शिपायांनीही होड्या पाण्यात लोटल्या.

राजा सज्जात आला. त्याची गादी घ्यायला आता कुणीही येणार नव्हतं. त्याने हाका मारल्या. खाली नगरात एकाही चुलीतून धूर निघत नव्हता.

तात्पर्य: गादी टिकवायला जो राजा उद्याचं बियाणं आज खाऊ घालतो, त्याच्याजवळ गादी उरते, प्रजा उरत नाही.