कोरवेळच्या तळीवरची आडवी डोलकाठी

चपला खालीच काढा, आणि आत आल्यावर वर बघा. हात मात्र लावायचा नाही. गेल्या मे महिन्यात एका गृहस्थांनी मुलाला खांद्यावर घेऊन त्या कोपऱ्यात टांगलेल्या शिबाड जहाजाचं सुकाणू फिरवायला लावलं. ते सुकाणू बसवायला मला अकरा दिवस लागले होते. तेव्हापासून मी आधी सांगतो आणि मग दार उघडतो.

उदकाईच्या या देवळात आढ्याला टांगलेली एकूण त्र्याऐंशी जहाजं आहेत. गलबतं आहेत, गुराबा आहेत, मचवे, पडाव, शिबाडं, सगळं आहे. यांना कृपा करून खेळणी म्हणू नका. खऱ्या जहाजाला जेवढ्या फळ्या तेवढ्याच फळ्या यांना आहेत, जेवढे खिळे तेवढे खिळे, फक्त ते बांबूच्या काडीचे. दोर सुताचे, पण पीळ खऱ्या दोराचाच. माप एकच, हाताला अंगूळ. म्हणजे जहाजाचा एक हात असेल तिथे इथे एक अंगूळ. चोवीस अंगुळांचा हात होतो, तेव्हा हे जहाज खऱ्याचा चोविसावा हिस्सा. आता नीट बघितलंत तर तुमच्या लक्षात येईल की एकाही जहाजाची डोलकाठी उभी नाही. सगळ्या तळफळीवर आडव्या निजवून बांधलेल्या आहेत. दुरुस्तीला काढल्यात का, असं बरेच जण विचारतात. नाही, इथे आल्यापासून त्या आडव्याच आहेत. त्याची हकीकत सांगतो, बसा.

ही गोष्ट कोणत्या सालातली ते विचारू नका, मला माहीत नाही. किल्ल्यावर तेव्हा कोणी सरदार होता आणि त्याला समुद्रावर जहाजं लागत, एवढं पुरे. ती जहाजं आमच्या खाडीत बांधली जात आणि बांधणारा होता तातू मेस्त्री. जहाज बांधायच्या आधी तातू त्याचं छोटं रूप करी, आणि मोठं जहाज तयार झालं की त्याच्या पठाणाची, म्हणजे तळातल्या कण्याच्या लाकडाची, एक ढलपी काढून छोट्याच्या पोटात बसवी. मग त्या छोट्याला नमुना म्हणत नसत, जुळं म्हणत. जहाज समुद्रात उतरलं की जुळं इथे समोरच्या तळीत सोडायचं आणि जहाज परत येईपर्यंत तिथेच ठेवायचं. एकाला जे होतं ते दुसऱ्याला होतं, असं सांगतात. तुम्ही शिकलेली माणसं आहात, मानायचं की नाही ते तुमच्यापाशी ठेवा.

तातूचा मुलगा साबाजी, आणि सून अनसू. लग्नाला सात वर्षं झालेली. अनसू जुळ्यांचे दोर वळी, पालं शिवी. मोठ्या जहाजाचं पालही तीच बेतून देई, कारण तातूचा तिच्या बोटांवर विश्वास होता. तातूने तिला मापासाठी एक दोरी दिली होती, हाताहातावर गाठ मारलेली. सुताराचा हात म्हणजे कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत, आणि त्या गाठी अर्थातच तातूच्या हाताच्या होत्या.

त्या वर्षी सरदाराने गुराब सांगितली. नारळी पौर्णिमा झाली की आठवड्यात ती पाण्यात हवी, एक दिवस उशीर चालणार नाही, असा हुकूम होता. जुळं तयार झालं. गुराबीच्या पोटाच्या फळ्याही बसत आल्या. आणि वैशाखात तातू परांचीवरून पडला. उजवा हात कोपरात मोडला. तो खाटेवर पडला आणि बाकीचं काम साबाजीने उरकलं. डोलकाठीही त्यानेच घडवली.

साबाजी कामाला वाईट नव्हता, बरं का. पण बापापेक्षा तो डोकं-दीड डोकं उंच होता. त्याने आपली मापकाठी आपल्या हाताएवढी तोडली. डोलकाठी उभी करायच्या आदल्या दिवशी बापाने खाटेवरून विचारलं, किती? साबाजी म्हणाला, तीस हात. बाप म्हणाला, बरोबर. दोघेही खरंच बोलत होते, आणि चूक झाली ती तिथेच.

पाल चढवलं तेव्हा ते वरून अडीच हात कमी पडलं. सगळ्या कामगारांदेखत साबाजी हसला. "बायलमाणसाचो हात, आखूडच असतलो," म्हणाला. अनसूने मान खाली घातली. तिला वाटलं, आपणच गाठी मोजताना चुकलो. साबाजीने वर कापडाची पट्टी जोडली, परभाणाचे, म्हणजे पालाच्या आडव्या काठीचे, दोर लांबवले आणि काम भागवलं.

पौर्णिमेनंतर सहाव्या दिवशी सकाळी गुराब खाडीबाहेर पडली. पहिल्या फेरीला मेस्त्री जहाजावर असावाच लागतो, म्हणून साबाजी गेला. तो, तांडेल आणि वीस खलाशी, असे बावीस जण. अनसूने जुळं तळीत सोडलं आणि ती कामाच्या मांडवात आवराआवर करायला गेली.

दुपारी झाडलोट करताना साबाजीची मापकाठी तिच्या हाताला लागली. ती खुंटीला अडकवताना शेजारी तिची गाठींची दोरी लोंबत होती. काठी दोरीच्या पहिल्या गाठीपेक्षा खाली आली. तिने पुन्हा लावून बघितली. एका हातामागे दोन अंगुळं जास्त. तीस हातांना साठ अंगुळं, म्हणजे अडीच हात. पाल कमी पडलंच नव्हतं. डोलकाठी उंच झाली होती, आणि त्या उंचीवर आता जास्तीचं कापड वारा धरत होतं.

ती धावत सासऱ्याकडे गेली. "मामांनू, ह्यांचो हात तुमच्या हातापेक्षा दोन बोटां लांब आसा," एवढंच म्हणाली. तातूला पुढचं सांगावं लागलं नाही. "तो तीस म्हणालो, मी बरोबर म्हटलंय," तो म्हणाला. "कोणाचे हात, ता इचारुचा रवलाच." आणि मोडका हात छातीशी धरून तो या टेकडीकडे चालायला लागला.

इथून समुद्र दिसतो तसाच तेव्हाही दिसत असे. गुराब अर्ध्या कोसावर होती. नैर्ऋत्येकडून आभाळ भरून येत होतं आणि वारा वाढला होता. गुराब एका अंगाला झुकली होती, आणि सरळ व्हायला जितका वेळ लागायला हवा त्याच्यापेक्षा जास्त वेळ घेत होती. लोकांनी लुगडी फडकवली, ओला पेंढा पेटवून धूर केला. एवढ्या लांबून त्याचा अर्थ कोणाला कळणार? तळीत मात्र जुळं अगदी ताठ उभं होतं.

तातूला ते बघून रडू आलं, असं सांगतात. जुळ्याची डोलकाठी त्याच्या मापाची होती आणि जहाजाची त्याच्या मुलाच्या मापाची. जुळं खोटं झालं होतं, त्यामुळे जहाजाला इथून काही कळणार नव्हतं. त्याने अनसूला सांगितलं, आधी ह्याका खरा कर. तिने पोफळीची चिरफळी घेतली, साडेबत्तीस अंगुळं मोजली, तिथेच बसून तासली. माप चुकलं नाही. जुनी काठी उपटून नवी बसवली, पाल चढवलं आणि जुळं पाण्यात सोडलं. ते सोडताक्षणी झुकलं. पाणी काठाच्या फळीला लागलं.

आता एकच उपाय उरला होता, डोलकाठी तोडायची. तातूचा हात चालत नव्हता. त्याने लाकूड तासायचा वाकस अनसूच्या हातात दिला. तोपर्यंत तळीभोवती गावातल्या बायका गोळा झाल्या होत्या. बहुतेकींचं कोणी ना कोणी त्या गुराबीवर होतं.

आणि तेवढ्यात कठड्यावर उभं असलेलं कोणी ओरडलं, वर माणूस चढतोय.

सगळ्यांनी पाहिलं. पाल खाली येत नव्हतं. जोडलेली पट्टी कप्पीत अडकली होती, आणि ती सोडवायला एक जण डोलकाठीवर चढत होता. त्याच्या डोक्याला तांबडं मुंडासं होतं. सकाळी ते मुंडासं अनसूनेच हातात दिलं होतं.

मग तांडेलीण बोलली. "अनशे, तोड गो! बावीस माणसां आसत थंय!" दुसरी एक म्हातारी नुसती हात जोडून उभी राहिली. तिचे दोन मुलगे होते त्या गुराबीवर. तातू काय बोलणार? त्या काठीवर त्याचाच मुलगा होता आणि बाकीचे एकवीस त्याच्या शब्दावर जहाजात बसले होते.

अनसू पाण्यात उतरली, कमरेपर्यंत. वाकस उजव्या हातात. जुळ्याच्या काठाची फळी पाण्याखाली जाऊन वर येत होती. तिने तोंड जुळ्याजवळ नेलं आणि हाक मारली.

"साबाजी! खाली उतरा!"

बायकांनी तोंडाला पदर लावले. नवऱ्याचं नाव बाईने उच्चारलं की त्याचं आयुष्य कमी होतं, असं तेव्हा मानत. सात वर्षांत तिने ते नाव घरात, दारात, देवापुढेही घेतलेलं नव्हतं. नाव घेतलं तरी उतरा म्हणाली, तेवढी अदब तिच्या तोंडून सुटली नाही.

तांबडं मुंडासं हललं नाही. तिने पुन्हा हाक मारली. वरचा माणूस थांबलेला दिसला, पण उतरेना. इकडे फळी पाण्याखाली गेली ती वर येईना. तिने तिसऱ्यांदा हाक मारली. "साबाजी! मी अनसू! खाली उतरा!" आणि जेवढा धीर धरता येईल तेवढा धरला. किती धरला, हे तिचं तिलाच माहीत. मग तिने वाकस घातला.

समुद्रावरचा आवाज इथवर आला, असं सांगतात. डोलकाठी बुंध्यापाशी मोडून पाण्यात गेली आणि गुराब हळूहळू सरळ झाली.

संध्याकाळी वल्ही मारत ती खाडीत शिरली. एकवीस जण उतरले.

तांडेल डोलकाठीच्या बुडाशी उभा होता, त्याने जे सांगितलं ते असं. साबाजी कप्पीशी पोचला होता. एकदम थांबला आणि वरून ओरडला, "कोण हाक मारता माका?" तांडेल म्हणाला, कोणी नाही. थोड्या वेळाने साबाजी पुन्हा म्हणाला, "बायलमाणसाचो आवाज. पण आमच्या घरचो नाय." आणि तो जमिनीकडे बघत तसाच राहिला. मग तिसऱ्यांदा काय ऐकू आलं कोण जाणे, त्याचा चेहराच बदलला. तो भराभर उतरायला लागला. अर्ध्यावर आला होता.

तो सापडला नाही. सात दिवस होड्या फिरत होत्या.

गावात कुजबुज सुरू झाली. बाईने नवऱ्याचं नाव घेतलं, आणखी काय होणार? कुजबुज अनसूच्या कानावर गेली. ती तेव्हा इथे आली होती, मोडलेली काठी जुळ्याच्या तळफळीवर आडवी बांधून ते देवीला द्यायला. सगळ्यांसमोर म्हणाली, "नाव घेतलंय म्हणान ते गेले नाय. उशिरा घेतलंय म्हणान गेले. सात वर्सां माझ्या तोंडात तेंचा नाव तेंनी ऐकूकच नाय. आवाज वळखतले कशे?"

पुढे तातूचं काम तिनेच चालवलं म्हणे. आढ्याला मधोमध टांगलंय ते तिच्या हातचं पहिलं. तिच्यानंतर ज्याने ज्याने इथे जहाज करून दिलं त्याने डोलकाठी आडवीच ठेवली. मीही चौदा केली, सगळ्यांच्या आडव्या. आणि आजही कोरवेळेत नवी सून आली की हळदीच्या अंगाने तिला आधी या तळीवर आणतात. नवऱ्याला पाठमोरा उभा करतात, चार-सहा बायकांकडून त्याला हाका मारवून घेतात, आणि त्यातच सुनेलाही नावाने हाक मारायला लावतात. तिच्या हाकेला त्याने ओ दिली की मगच मंडळी घरात शिरतात. एक जण तीन वेळा चुकला, तेव्हा वऱ्हाड उन्हात तासभर उभं होतं. हसण्यावारी नेलं नाही कोणी. घरी गेल्यावरही आमच्या बायका नवऱ्याला नावानेच हाक मारतात, पाहुण्यांदेखत, पोरांदेखत. बाहेरगावच्या लोकांना ते उद्धट वाटतं. वाटू दे.

ऐकलंत? "दिगंबरऽ" म्हणून खालून कोणी ओरडलं ते? ती आमची मंडळी, जेवायला बोलावतेय. गुडघे गेल्यापासून तिला पायऱ्या चढवत नाहीत, पण हाक अजून वरपर्यंत येते. तुम्ही जहाजं बघा सावकाश. मी आधी ओ देऊन येतो.